झड कुठं बसवायची? पावसाच्या शब्दांचा क्रम

मुलीला शाळेत कमीपासून जास्तीकडं शब्द लावायला दिलेत. तिनं भुरभुर, रिमझिम, झड, मुसळधार असं लिहिलं. मला झड तिथं खटकायली पण का ते सांगता येईना, कुणी सांगंल का?

ताई तुमचं खटकणं बरोबर हाय. "नुसता जोराचा नव्हता, मुसळधार होता" हे तोंडात बसतं, उलटं म्हणून बघा, बसत नाही, म्हणजे मुसळधार वरची पायरी. झडीला ही परीक्षा लागतच नाही कारण झड जोर सांगत नाही, मुक्काम सांगती. चार दिवस ऊन नाही, कपडे वाळंनात, गुरं दावणीलाच, अन् वरून पडायलेली असती नुसती भुरभुर, तरी ती झडच. आमच्या परभणीकडं अजून एक माप हाय, जमिनीतलं. मृगाचा पाऊस झाला की वडील पहिलं विचारायचे, ओल किती गेली? मग रानात जाऊन माती उकरायची, वीतभर ओल असंल तर पेरणीजोगा, नाहीतर रात्रभर पत्रे वाजले तरी ते शितोडेच. मला हे माप सगळ्यात खरं वाटतं. मुलीला म्हणावं झड बाजूला काढ, बाकीचं बरोबर हाय.

दादा, यात सरकारी शब्द पण घ्या की. हवामान खात्याचा मुसळधार 24 तासांत 64.5 मिमीपासून सुरू होतो, 115.6 पासून अतिमुसळधार. महसूलची अतिवृष्टी मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, 65 मिमीच्या वर, त्यावर पंचनामे अवलंबून, म्हणजे शेजारच्या मंडळात 60 भरला तर तिथं पीक गेलं तरी शब्द मिळत नाही. ढगफुटीला तर तासाभरात 100 मिमी लागतो, पण आता ओढ्याला पाणी आलं की लगेच ढगफुटी म्हणतेत. हे नका करू, खरी होईल तेव्हा काय म्हणायचं मग?

पटलं. पण 2025 च्या सप्टेंबरात आमच्याकडं मिमी कुणीच बोलत नव्हतं, ढगफुटी बी नाही. फोन केला की समोरून एवढंच यायचं, "रान खरडून गेलं."