रसायनशास्त्र भौतिकशास्त्रापासून वेगळं का?

प्रश्न: अणूतले केंद्रक आणि इलेक्ट्रॉन भौतिकशास्त्राच्याच नियमांनी चालतात. मग रसायनशास्त्राची वेगळी शाखा कशाला?

प्रतिसाद १: नियम माहीत असले तरी त्यातून उत्तर निघेलच असं नाही. इलेक्ट्रॉन कसे वागतात ते सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण १९२६ चं. हायड्रोजनसाठी ते नेमकं सुटतं. हेलियममध्ये इलेक्ट्रॉन दोनच, पण ते एकमेकांना ढकलतात आणि तिथूनच अंदाजी पद्धती वापराव्या लागतात. पाण्याच्या एका रेणूत तर दहा इलेक्ट्रॉन! म्हणून संयुजा (अणूची बंध जोडायची क्षमता), आम्लता, क्रियाशील गट (रेणूतले ठरावीक रीतीने वागणारे अणूंचे गट) अशा रसायनशास्त्राच्या स्वतःच्या संकल्पना लागतात, आणि त्या उत्तम चालतात.

प्रतिसाद २: ऊर्जेचा फरकही बघा. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला साधारण ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) लागतात. युरेनियम-२३५ च्या एका विखंडनातून, म्हणजे केंद्रक फुटण्यातून, सुमारे २० कोटी मिळतात. बर्नरवर कितीही तापवा, केंद्रक ढिम्म हलत नाही. त्यामुळे रसायनतज्ज्ञ ते न बदलणारं धरू शकतो.

प्रतिसाद ३: बरोबर, पण हायड्रोजनला जपून. त्याच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त असलेला हायड्रोजन, आलं की अणूचं वस्तुमान दुप्पट होतं. असं ड्युटेरियमचं जड पाणी ०° ऐवजी ३.८° सेल्सिअसला गोठतं, आणि सस्तन प्राण्याच्या शरीरातलं निम्मं पाणी तसं झालं तर पेशीविभाजनच बिघडतं.