थाळनेरच्या मकबऱ्यांजवळ मलिक अंबरवर फिरता प्रयोग: आवाज, उजेड, रंगभूषा?

तापीकाठ:
डिसेंबरमध्ये थाळनेरला (ता. शिरपूर) खान्देशच्या फारुकी राजांच्या मकबऱ्यांभोवती 45 मिनिटांचा प्रयोग करायचा आहे. 7 कलाकार, प्रेक्षक 60, सगळ्यांनी चालत बघायचं. विषय निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आणि दख्खनचे हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेले लोक. विचार असा आहे की अष्टकोनी मकबऱ्यातच अंबरचा मृत्यू दाखवावा, कलाकारांना काळा रंग लावावा, मशाली पेटवाव्यात आणि शेवटी सिद्दींची (आफ्रिकी वंशाच्या समाजाची) धमाल, म्हणजे ढोलावरचा नाच घ्यावा. यात काय चुकतंय?

चुनखडी:
पहिली गोष्ट म्हणजे जागा. तो मकबरा अंबरचा नाही. फारुकी स्वतःला खलिफा उमरचे वंशज म्हणवत. अंबर 1626 मध्ये वारला आणि त्याची कबर खुलताबादला आहे. त्याआधीच, 1601 मध्ये फारुकींचा असीरगड पडला आणि खान्देश मोगलांकडे गेला. बुऱ्हाणपूर हे तर अंबरविरुद्धच्या मोगल मोहिमांचं ठाणं होतं. म्हणजे थाळनेर त्याच्यासाठी शत्रूचा मुलूख. मग मृत्यू इथे कशाला? त्याला घुमटाखाली आणूच नका. अंबरचे स्वार नदीच्या बाजूनं, अंधारातून येऊ द्या, भिंतीपर्यंत येऊन परत जाऊ द्या. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईनंतर त्याच्या फौजेनं बुऱ्हाणपूरला वेढा घातला होता, तो धागा इथे चपखल बसतो.

घुमटाखाली बोलायचंच असेल तर आधी टाळी वाजवून बघा. घुमणं दोन सेकंदांहून जास्त टिकलं तर सात-आठ शब्दांपेक्षा लांब वाक्य नको, आणि बरोबर मधोमध उभं राहू नका. तिथे आवाज परत एकवटतो आणि शब्द लापशीसारखे होतात. कमानीच्या तोंडाशी उभं राहून बाहेर बोला. गाणं चालेल, भराभर संवाद चालणार नाहीत.

उजेडवाला:
मशाली विसरा. जुन्या वास्तूंच्या कमानींत आग्या मोहोळ असतं. धूर गेला की माशा उठतात, आणि रात्री तर तीव्र उजेडाकडेच येतात. आधी दिवसा दुर्बिणीनं प्रत्येक कमान बघा. मोहोळ दिसलं तर ती बाजू सोडा. धुराचं मशीन आणि ड्रोनही नको.

दिवे 50 वॅटचे 8 एलईडी, म्हणजे 400 वॅट. 12 व्होल्ट 150 एएच (अँपिअर-तास) ची बॅटरी 1800 वॅट-तास, पण लेड-अ‍ॅसिड निम्मीच वापरायची, 900. इन्व्हर्टरचा तोटा धरून हातात साधारण 720. म्हणजे पावणेदोन तास. एक प्रयोग आणि थोडी तालीम किंवा जेमतेम दोन प्रयोग निघतात, त्याहून जास्त हवं तर दुसरी बॅटरी हवी. जनरेटरचा आवाज रात्री नदीकाठी लांबवर जातो, म्हणून टाळाच. स्टँड वाळूच्या पिशव्यांवर उभे करा. चुन्याच्या गिलाव्यात खिळा नाही, चिकटपट्टीही नाही, कारण काढताना गिलावा सोबत येतो. वायरचे सांधे विटेवर उचलून ठेवा, डिसेंबरात दव पडतं.

60 जण एकदम नको. 15-15 च्या चार तुकड्या करा, प्रत्येकीला एक वाटाड्या द्या. कबरींवर पाय पडतो तो अंधारात, गर्दी झाली की.

दगडफूल:
काळा रंग अजिबात नको. आपल्याकडे तोंडाला काळं फासणं म्हणजे धिंड काढणं. त्याच कृतीनं तुम्ही अंबर उभा करणार? ओळख नावातून दाखवा. जन्म आफ्रिकेत, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमध्ये मालकानं अंबर हे नाव दिलं, आणि नंतर दख्खनमध्ये ज्या चंगेजखानानं त्याला घेतलं तो निजामशाहीचा पेशवा, स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम. चार कलाकार चार वळणांवर त्याला वेगवेगळ्या नावांनी हाक मारतात, पाचवा प्रत्येक वेळी नाव बदलून उत्तर देतो. रंगापेक्षा हे जास्त झोंबतं.

जहांगीरच्या चित्रकारानं काढलेलं एक चित्र आहे: भाल्यावर अंबरचं मुंडकं आणि बादशहा त्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात अंबर त्यांच्या हाती कधीच लागला नाही. मुंडकं बनवू नका, पण फक्त रिकामा भाला रोवून ठेवलात तर प्रेक्षकांना तो पुरेल.

धमाल गुजरातच्या सिद्दींची, रतनपूरच्या बाबा गोर दर्ग्याशी जोडलेली. ती यूट्यूब बघून बसवू नका. त्यांच्या मंडळींना बोलवा, मानधन द्या, मुगरमान (त्यांचा ढोल) आणि ताल त्यांचाच राहू द्या. जमणार नसेल तर शेवटी ढोल नकोच.

चुनखडी:
परवानगीचं राहिलं भो. जागेवरचा फलक वाचा. केंद्र संरक्षित असेल तर प्राचीन स्मारकांच्या 1959 च्या नियमांनुसार कार्यक्रमाला लेखी परवानगी लागते. राज्य संरक्षित असेल तर राज्य पुरातत्त्वकडे जा. अर्जाला दिव्यांचा आराखडा आणि तुकड्यांचा मार्ग जोडा, नाहीतर तो नुसता फिरत राहतो. आणि गावात आधी सांगा: कबरींवर कुणी चढणार नाही, जोडे कुठे काढायचे तेही ठरवा.