नो-एफएक्सचं सामूहिक आत्मचरित्र: सहा जण बोलले म्हणून ते जास्त खरं ठरतं का?

कॅसेटवाला:
लॉस एंजेलिसमध्ये 1983 साली सुरू झालेल्या नो-एफएक्स या पंक (वेगवान, बंडखोर रॉक) बँडने 2016 मध्ये जेफ अलुलिसच्या साथीने 'द हेपटायटिस बाथटब अँड अदर स्टोरीज' हे आत्मचरित्र आणलं. फॅट माइक, एरिक मेल्विन, एरिक सँडिन ऊर्फ स्मेली आणि एल हेफे हे चार सदस्य, शिवाय बँडमधून बाहेर पडलेले दोघे, असे सहा जण आळीपाळीने बोलतात. बँडबद्दल लिहायचं तर हीच रीत योग्य, असं माझं ठाम मत आहे. एकट्याच्या आत्मचरित्रात सांगणाऱ्याला टोकणारं कुणी नसतं.

व्यसनाचाच धागा घ्या. ड्रमर स्मेली तरुणपणी हेरॉइनमध्ये पुरता अडकला आणि नव्वदीच्या सुरुवातीला त्यातून सुटला. माइकचं उलट. पंक सीनमध्ये वाढूनही तो तिशीपर्यंत ड्रग्जपासून लांब राहिला आणि त्यानंतर सुरुवात केली. एकाचं सुटल्यावर दुसऱ्याचं सुरू झालं, आणि दोघे एकाच बसमधून दौरे करत राहिले. हे एकट्या माइकने लिहिलं असतं तर मौजमजेचं पुस्तक झालं असतं, एकट्या स्मेलीने लिहिलं असतं तर व्यसनमुक्तीचं. दोघांचं शेजारी शेजारी वाचताना कळतं की बँड टिकवणं म्हणजे नेमकं काय सोसणं.

समास:
सहमत नाही. सहा आवाज आहेत, पण सहाही बँडच्या आतले. फॅट रेक कॉर्ड्स हे लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) माइकने त्याची तेव्हाची जोडीदार एरिन हिच्यासोबत उभं केलं. ती निवेदकांत नाही. ऐंशीच्या दशकातल्या लॉस एंजेलिसच्या हार्डकोर (पंकचा जास्त आक्रमक प्रकार) शोंमध्ये टोळ्यांची मारामारी नित्याची होती. त्यात मार खाल्लेल्या बाहेरच्या माणसांना इथे स्वतंत्र प्रकरण नाही.

दुसरं असं की 2016 मध्ये हा बँड चालू होता. शेवटचा कार्यक्रम ऑक्टोबर 2024 मध्ये सॅन पेड्रोला झाला. ज्यांच्यासोबत रोज मंचावर उभं राहायचं आहे, त्यांच्याबद्दल माणूस हात राखूनच बोलतो. स्वतःची लाज उघडी करणं एक वेळ जमतं, भागीदाराचा हिशेब उघडा करणं जमत नाही.

तुलनेला 'प्लीज किल मी' हा पंकचा मौखिक इतिहास घ्या (1996, लेग्ज मॅकनील व जिलियन मॅकेन). तिथे वादक, मॅनेजर, फोटोग्राफर, प्रेयसी सगळ्यांच्या साक्षी तुकड्यातुकड्यांनी एकमेकींना भिडवल्या आहेत. एकाचं वाक्य संपतं न संपतं तोच दुसरा ते खोडतो.

टिपणवही:
दोघांच्या मधला एक व्यावहारिक मुद्दा. नो-एफएक्सच्या पुस्तकात एकेक माणूस अख्खं प्रकरण बोलतो, त्यामुळे विसंगती लगेच समोर येत नाही. तिला उत्तर मिळेपर्यंत आधीचा तपशील निसटलेला असतो. सलग, एका बैठकीत वाचणाऱ्यांना पुस्तक नुसतं किश्शांचं वाटतं ते यामुळेच.

यावर उपाय सोपा आहे. वहीचं पान आडवं धरा, निवेदकांचे सहा रकाने आखा आणि डावीकडे रेकॉर्डची वर्षं लिहा: 'लिबरल अ‍ॅनिमेशन' 1988, 'एस अँड एम एअरलाइन्स' 1989, 'रिब्ड' 1991, 'व्हाइट ट्रॅश' 1992, 'पंक इन ड्रब्लिक' 1994, 'द डिक्लाइन' 1999. प्रत्येक प्रसंगासमोर दोनच खुणा करा: सांगणारा तिथे हजर होता, की ऐकून सांगतोय? एल हेफे 1991 मध्ये आला, म्हणजे 'रिब्ड'पर्यंतच्या दौऱ्यांबद्दल त्याचा शब्द ऐकीव. सँडिन मूळ तिघांपैकी असला तरी 1985च्या सुमारास काही काळ बाहेर होता, त्या महिन्यांसाठी मेल्विन आणि माइक हेच साक्षीदार. पहिलं वाचन पुस्तकाच्या क्रमाने करा. दुसऱ्यांदा एकेका निवेदकाची प्रकरणं वेगळी काढून सलग वाचा. स्मेलीची तशी वाचली तर त्यात एक स्वतंत्र पुस्तक सापडतं.

बेसलाइन:
शब्दांकनाचं काय? सहा जणांच्या बोलण्यावर हात एकाचाच, म्हणजे जेफ अलुलिसचा, फिरला की वाक्यांची लांबी आणि विनोदाची जागा सारखी होत जाते. प्रकरणाच्या माथ्यावरचं नाव झाकून दोन पानं वाचा आणि कोण बोलतंय ते ओळखा. जिथे ओळखता येत नाही, तिथे संपादन जास्त झालंय असं धरून चाला. आपल्याकडे हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' अरुण साधूंनी शब्दबद्ध केलं, पण तिथे आवाज एकच सांभाळायचा होता. इथे सहा.

कॅसेटवाला:
शब्दांकनाचा मुद्दा रास्त आहे. पण समास, बाहेर पडलेल्या दोघांना बोलू देणं ही छोटी गोष्ट नाही. 'पंक इन ड्रब्लिक' अमेरिकेत गोल्ड झाला, म्हणजे विक्री पाच लाख प्रतींच्या वर गेली, तेव्हा ते दोघे बँडमध्ये नव्हते. त्या यशात वाटा नसलेल्या माणसाला सांभाळून बोलायचं कारण उरत नाही. तुमचा हात राखण्याचा आक्षेप त्या दोघांना लागू होत नाही.

समास:
तो आक्षेप त्यांना लागू होत नाही, मान्य. म्हणून टिपणवहींच्या तक्त्यात त्यांचे रकाने मी आधी भरेन. पण त्यांची साक्ष ते बाहेर पडले तिथवरच पोचते. लेबल वाढलं, पैसा आला, माइकचं ड्रग्ज सुरू झालं, हे सगळं त्यानंतरचं. नेमक्या त्या वर्षांसाठी पुस्तकात फक्त भागीदारच भागीदारांबद्दल बोलतात, आणि एरिनचा रकाना तिथेच हवा होता.