'मोबिलाइझ'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : १७ ऑक्टोबरच्या आंतरराष्ट्रीय दारिद्र्य निर्मूलन दिनासाठी एका पत्रकाचा अनुवाद करते आहे. त्यात 'जगभरच्या लोकांना गरिबी आणि विषमतेविरुद्ध मोबिलाइझ करणे' असं येतं. 'संघटित करणे' लिहून पाहिलं, पण संघटना झाली म्हणजे कृती झाली असं नाही. 'जनजागृती'त लोक नुसते जागे होतात. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद १ : एकवटणे.

प्रतिसाद २ : ताई, अडचण क्रियापदाच्या जातीची आहे. 'मोबिलाइझ'च्या मुळाशी 'हलणं' आहे आणि फौज लढाईसाठी सज्ज करण्याला तो रूढ झाला. म्हणजे हलवणारा एक आणि हलणारे दुसरे. मराठीत या प्रसंगाची जिवंत क्रियापदं बघा : लोक उठतात, एकवटतात, सरसावतात, रस्त्यावर उतरतात. सगळी अकर्मक, आणि सगळ्यांचा कर्ता लोकच. 'लोकांना उठवणे' म्हटलं की झोपेतून उठवल्यासारखं वाटतं. म्हणून वाक्यच फिरवा : 'गरिबी आणि विषमतेविरुद्ध जगभरच्या लोकांनी उभं राहावं म्हणून'.

'उभं राहणं'ला या दिवसाचा आधारही आहे. २००६ पासून काही वर्षं १७ ऑक्टोबरच्या सुमारास देशोदेशी लोक गरिबीविरुद्ध अक्षरशः उठून उभे राहिले. पहिल्या वर्षी २ कोटी ३५ लाखांवर, २००९ मध्ये १७ कोटींहून जास्त. मराठीत आपण पाठीशी उभे राहतो, विरोधातही उभे राहतो. दोन्ही अर्थ इथे हवेच आहेत.

प्रतिसाद ३ : मी 'एकत्र येणे'च्या बाजूने. हा दिवस सुरू झाला तो पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात, १९८७ साली. स्वतः गरिबीत वाढलेले फादर जोसेफ व्रेसिन्स्की यांनी तिथे एक शिळा बसवली. संयुक्त राष्ट्रांनी दिवस मान्य केला तो नंतर, १९९२ मध्ये. शिळेवरच्या मजकुराचा आशय असा : माणसांना जिथे दारिद्र्यात जगायला भाग पाडलं जातं तिथे मानवी हक्कांची पायमल्ली होते, आणि ते हक्क पाळले जावेत म्हणून एकत्र येणं हे पवित्र कर्तव्य आहे. त्यात कुणी कुणाला हलवत नाही.

प्रश्नकर्ती : हे फार उपयोगी. मग 'गरिबी' की 'दारिद्र्य'?

प्रतिसाद २ : सरकारी कागदात 'दारिद्र्य' (दारिद्र्यरेषा), बोलण्यात 'गरिबी'. पत्रकात मी 'गरिबी'च ठेवेन. 'दरिद्री' ही मराठीत शिवी आहे आणि 'अठराविश्वे दारिद्र्य' नशिबाला चिकटलेलं. (अठरा विसे ३६०, म्हणजे वर्षाचे सगळे दिवस, असा त्याचा अर्थ लावतात.) नेल्सन मंडेलांनी २००५ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात नेमकं उलट सांगितलं होतं : गुलामगिरी आणि वर्णभेदासारखीच गरिबीही नैसर्गिक नाही, ती माणसांनी निर्माण केलेली आहे आणि माणसंच ती संपवू शकतात. नशिबाचा वास असलेला शब्द या विचाराला मारक ठरतो.

व्युत्पत्तीत मात्र दोघं जवळ येतात. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, परदेशी. 'दरिद्र'च्या मुळाशी 'द्रा', म्हणजे पळणं, इकडून तिकडे भटकणं. दोन वेगळ्या भाषाकुळांना गरीब माणूस आधी दिसला तो घरदार सुटलेला. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

प्रतिसाद ४ : 'विषमता' बदलू नका. 'असमानता' नेमका असेल, पण तो गणिताच्या वहीतला वाटतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. मराठी वाचकाला 'विषमता' म्हटलं की पगारातल्या फरकासोबत जातही ऐकू येते, आणि ती ऐकू यायलाच हवी.

प्रश्नकर्ती : शेवटी असं लिहिलं आहे : 'गरिबी आणि विषमता माणसांनी निर्माण केली आहे. ती संपवण्यासाठी जगभरचे लोक एकत्र येत आहेत. तुम्हीही उभे राहा.' 'राहा' की 'रहा', एवढंच तपासून द्या.

प्रतिसाद १ : राहा.