पी०७०० वरून गिअरबॉक्स उतरवू नका

ऑटोमॅटिक गाडीला लावलेल्या स्कॅनरवर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी०७०० हा कोड दिसला म्हणून गॅरेजमधून थेट गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला मिळाला, असं तुम्ही लिहिलंय. कृपया एवढ्यावर होकार देऊ नका! पी०७०० चा अर्थ इतकाच, की ट्रान्समिशनच्या (म्हणजे गिअरबॉक्सच्या) कंट्रोलरने काहीतरी बिघाड नोंदवलाय आणि चेक इंजिनचा दिवा लावायला सांगितलंय. नेमका कोड त्या कंट्रोलरमध्येच असतो. ब्लूटूथचे स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा तिथपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे ट्रान्समिशन मॉड्यूल वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. आणि कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणी नोंदलेले वेग, आरपीएम वगैरे आकडे) फोटो काढून ठेवा, कोड पुसला की ते आकडे गेलेच.

पी०७१५ किंवा पी०७२० निघाला तर तो स्पीड सेन्सरच्या सर्किटचा. आधी वायर आणि कनेक्टर तपासायचे. पी०७४१ मात्र टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा, क्लच नीट लॉक होत नसल्याचा (एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप बदलणाऱ्या गाडीत कन्व्हर्टरच नसतो, तिथे हा प्रश्न नाही). हायवेला एका वेगात चालताना स्कॅनरच्या लाइव्ह डेटात इंजिन आणि टर्बाइनचे (कन्व्हर्टरचा गिअरबॉक्सकडचा फिरता भाग) आरपीएम शेजारी शेजारी लावा. क्लच पूर्ण लॉक झाला की दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. लॉकची कमांड असूनही फरक राहिला तर क्लच घसरतोय. मग ऑइलची पातळी आणि अवस्था, सोलेनॉइड (ऑइलचा प्रवाह सोडणारा-अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल वाटून देणारा भाग) आणि शेवटी कन्व्हर्टर, या क्रमाने जा. आकडे बघायला शेजारी दुसरं कुणीतरी बसवा.

एकदम चार-पाच असंबद्ध कोड आले तर आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजा.