अपग्रेडनंतर पीसी आपोआप रीस्टार्ट होतो म्हणून थेट फॉरमॅट? आधी नोंदी वाचा

बर्डीकर:
काल इथे एकाने लिहिलं, "विंडोज ११ टाकू नका. टाकल्यापासून पीसी मधातच रीस्टार्ट होते. इव्हेंट ४१ आला म्हणजे विंडोजच खराब. मी आता फॉरमॅट मारून परत १० टाकणार, तुम्ही पण मारा." खाली सगळ्यांनी अंगठे दिले. हे वाचून गप्प बसवत नाही. असला सल्ला ऐकून लोक रिकामी हार्डडिस्क घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येतात आणि विचारतात, टॅलीतला हिशेबाचा डेटा परत मिळेल का.

विंडोज घडामोडींच्या नोंदी ठेवते, त्यांना इव्हेंट म्हणतात. त्यातली ४१ ही नोंद मशीन पुन्हा चालू झाल्यावर लिहिली जाते. मागच्या खेपेला विंडोज नीट बंद झाली नव्हती, एवढंच ती सांगते. का, ते सांगत नाही. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, गावभर फोटो फिरले, आणि मग हवामान खात्याने सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. दिसलेल्या आकड्याच्या मागे काय आहे ते बघावं लागतं.

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. ४१ वर क्लिक करून डिटेल्समध्ये बगचेककोड, म्हणजे क्रॅशचा आकडा, बघा. शून्य असेल तर बहुतेक वेळा विंडोजला स्वतःचा क्रॅश लिहायलाही वेळ मिळालेला नसतो: वीज तुटली, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बसला, प्रोसेसर तापला, नाहीतर मशीन अडकलं आणि कोणी बटण दाबून धरलं. शून्याऐवजी आकडा असेल तर १५९ आणि २०९ हे बहुधा ड्रायव्हरचे (उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे), २७८ ग्राफिक्सचा, २९२ हार्डवेअरचा. आणि ४१ नसून १०७४ असेल तर रीस्टार्ट कोणत्या तरी प्रोग्रामने मागितलेला आहे, नाव तिथेच लिहिलेलं असतं. अपडेटचं नाव असेल तर ॲक्टिव्ह अवर्स, म्हणजे अपडेटने रीस्टार्ट करू नये ती वेळ, लावा, १८ तासांपर्यंत लागतात, काम झालं.

शिवाय सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीत "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट"ची खूण काढून टाका. मग क्रॅशची स्क्रीन थांबून राहते आणि मोबाइलवर फोटो घेता येतो. ११ च्या नव्या आवृत्त्यांत ही स्क्रीन निळी नाही, काळी असते. लोकांना वाटतं मॉनिटर गेला.

वऱ्हाडी_ठेचा:
कालची पोस्ट माहीच होती. भाऊ, तुमी दुकानवाले, तुमाले हे आकडे पाठ असतीन. माह्या घरी दहा होती तं एकदा बी रीस्टार्ट नाही झालं. अकरा टाकली अन् सुरू. बाकी काहीच बदललं नाही, तोच टेबल, तोच बोर्ड, तोच यूपीएस. मंग दोष कोणाले देऊ, खोलीतल्या कूलरले?

बर्डीकर:
हो, कूलरलाच. तो कोणत्या सॉकेटवर आहे ते सांगा आधी.

खूप घरांत हेच बघतो. एकच एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर कूलरची मोटर, पंप आणि पीसी. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते आणि त्या बोर्डावरचा व्होल्टेज बसतो. नवा एसएमपीएस हे सहन करतो. चारपाच उन्हाळे काढलेल्याच्या आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, बरेचदा सुकलेले असतात, त्याच्याने होत नाही. एसएमपीएसमधून निघणाऱ्या बारा व्होल्टच्या लाइनला पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४ पर्यंत चालतं. त्याखाली गेलं की मशीनचा भरवसा नाही.

आणि "बाकी काहीच बदललं नाही" हे खरं नाही. अपग्रेडनंतर विंडोज शोधासाठी फायलींची यादी नव्याने करते, डिफेंडर हा तिचा अँटीव्हायरस स्कॅन करतो, ड्रायव्हर बदलले जातात. प्रोसेसर तासन्‌तास जास्त चालतो, तापतो, जास्त वीज ओढतो. कमजोर एसएमपीएस नेमका तेव्हाच उघडा पडतो. दोष आधीपासून होता.

धंतोली_सीए:
"दोष आधीपासून होता" हे प्रत्येक मेकॅनिकचं आवडतं वाक्य आहे. २० तारखेला जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरत असताना मशीन बसलं तर मी क्लायंटला काय सांगू, तुमचं रिटर्न राहिलं कारण माझ्या कपॅसिटरचं वय झालं? मला नोंदी वाचायच्या नाहीत, चालणारं मशीन पाहिजे. १० चालत होती. तिचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला म्हणून आम्हाला ढकललं गेलं. हौसेने कोणी अपग्रेड केलेलं नाही.

आणि यूपीएसबद्दल कोणी बोलत का नाही? ऑफिसला नवा एसएमपीएस टाकला, चांगल्यातला, आणि लाइट गेली की तोच बंद पडायला लागला. जुना यूपीएस पुरेसा आहे असं विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं.

बर्डीकर:
साहेब, तुमचं उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, ते येणाऱ्या विजेच्या लाटेप्रमाणे करंट ओढतं. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध साइन वेव्ह देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो. काही एसएमपीएस ती लाट बघून बंद होतात. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्या, आणि आहे त्याची बॅटरी जुनी असेल तर ती तपासून घ्या. यात १० आणि ११ चा काही संबंध नाही.

ढकललं गेलं, हे मात्र मान्य. आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर असलेली किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेली कितीतरी धडधाकट मशीनं ११ च्या यादीबाहेर गेली. त्यांच्यासाठी एक वर्षाची वाढीव सुरक्षा योजना होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. लोकांनी ती न घेता यूट्यूब बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, फेरफार करून ११ बसवली.

महालकर_ताई:
माझी अडचण वेगळी आहे, कोणी सांगेल का. लग्नपत्रिका आणि बिलबुकांचं काम करते. भाच्याने ११ टाकून दिली. तेव्हापासून पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर उघडून फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) लावलं की थोड्या वेळात मशीन आपोआप रीस्टार्ट. कूलर दुसऱ्या खोलीत आहे, यूपीएस नवा आहे. वर सांगितलं तसं बघितलं, २०९ आकडा दिसतो. परत १० वर जायचे दहा दिवस उलटून गेले, ते बटणच आता येत नाही. तिथीचा सीझन तोंडावर आहे.

बर्डीकर:
ताई, २०९ म्हणजे बहुतेक डोंगलचा ड्रायव्हर. रीस्टार्टची खूण काढा आणि काळ्या स्क्रीनवर "व्हॉट फेल्ड"च्या पुढे फाइलचं नाव येतं का बघा. फॉरमॅट करू नका.

टंक_शंकरनगर:
ताई, राग मानू नका, पण पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे. तुम्ही रीस्टार्टवर औषध शोधताय आणि खरा प्रश्न असा की अजूनही त्या जुन्या फॉन्टांत का अडकलात? युनिकोडला या, म्हणजे सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरं. डोंगल नको, ड्रायव्हर नको. मुक्तासारखे फॉन्ट फुकट आहेत. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर हे सेटिंग लावलं की जोडाक्षरं बरोबर येतात. जुन्या फॉन्टातला मजकूर शोधता येत नाही, मेलमध्ये टाकला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मराठीचं यात फार नुकसान झालं आहे आणि ते डीटीपीवाल्यांनीच (संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांनीच) चालू ठेवलं आहे.

महालकर_ताई:
डीटीपीवाल्यांनीच? माझी बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसली आहेत, युनिकोडच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर वेग निम्मा होतो. गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसून कुलदैवतापासून आत्याबाईंपर्यंत नावं सांगतं, त्याला मी नवीन कीबोर्ड शिकत आहे असं सांगू? इनडिझाइनचं भाडं दर महिन्याला कोण भरणार? शिवाय जुन्या फायली आहेत. मोठ्या मुलीची पत्रिका ज्यांनी माझ्याकडे केली ते धाकटीची "तशीच" मागतात. कन्व्हर्टरमधून काढली तर रफार एकीकडे, वेलांटी भलतीकडे. आडनाव चुकलं तर छपाईचे पैसे माझ्या खिशातून जातात.

टंक_शंकरनगर:
रेमिंग्टनची मांडणी युनिकोडमध्येही मिळते, बोटं बदलावी लागत नाहीत. हे माहीत नसताना विरोध चालला आहे.

महालकर_ताई:
माहीत आहे, लावून बघितली. मराठी ल आणि श च्या जागी हिंदी वळणाचे येतात. पत्रिका हातात घेतल्याबरोबर आजोबा लोक बोट ठेवतात.

टंक_शंकरनगर:
तो फॉन्टचा दोष नाही. मजकुराची भाषा मराठी निवडली की ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत मराठी ल, श येतात. पण हे कोणी सांगत नाही, तेवढं तुमचं खरं. आणि स्वस्तातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये भाषा निवडायची सोयच नसते, तेही खरं.

उबुंटू_सक्करदरा:
सगळ्यांनी लिनक्स टाका, ही कटकटच राहणार नाही. स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका फुकट होतात.

धंतोली_सीए:
ताईंचं डोंगल लिनक्सवर चालवून दाखवा, मग बोला. प्रत्येक धाग्यावर येऊन हेच लिहिता.

वऱ्हाडी_ठेचा:
इथं पीसीचं चालू होतं अन् तुमी ल, श वर भांडून राह्यले. असो. कूलर दुसऱ्या सॉकेटवर टाकला. अजून तरी रीस्टार्ट नाही झालं. कोड बी शून्यच होता. पण माह्यं म्हननं कायम हाय, अकरा टाकायच्या आधी लोकायले हे कोणं सांगितलं? नवीन एसएमपीएसचे पैसे मलेच लागतीन ना?

बर्डीकर:
लागतील. पण फॉरमॅट मारायचा सल्ला तेवढा पोस्टमधून काढून टाका, दादा.

वऱ्हाडी_ठेचा:
काढतो. ४१ वालं वाक्य बी काढतो. बाकीचं ठेवतो.

महालकर_ताई:
स्क्रीनचा फोटो मिळाला. डोंगलच्याच ड्रायव्हरची फाइल आहे. विकणाऱ्याला फोन केला, नवीन ड्रायव्हर नाही म्हणतात, नवी आवृत्ती विकत घ्या.

बर्डीकर:
मग या सीझनपुरतं असं करा. घरात जुनं मशीन असेल तर त्यावर १० ठेवा, नेट अजिबात जोडू नका, डोंगल आणि पेजमेकर तिथेच. तिथून पीडीएफ करून पेनड्राइव्हने ११ वर आणा, ११ वर पेनड्राइव्ह उघडण्याआधी स्कॅन करा. ११ वरून डोंगलचा ड्रायव्हर काढून टाका, नुसतं डोंगल उपटून भागेलच असं नाही.

टंक_शंकरनगर:
आणि नवीन गिऱ्हाइकांची कामं तरी युनिकोडमध्ये सुरू करा. जुन्या फायलींना हात लावू नका म्हणते मी.

महालकर_ताई:
बिलबुकं करून बघते. पत्रिका नाही.