आईंना रिसर्चमध्ये घ्यायचं म्हणतायत, सही करू का?

प्राजक्ता (बी-४०३): नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण सोसायटीच्या ग्रुपवर डॉक्टर आहेत म्हणून इथेच विचारते. सासूबाईंना मागच्या आठवड्यात पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात-पाय गेलाय, बोलणं अडखळतंय. आता आयसीयूतून वॉर्डात आणलंय. आज एक मुलगी जाडजूड फॉर्म घेऊन आली. स्ट्रोकवर, म्हणजे याच झटक्यावर, रिसर्च चालू आहे, झटका कशामुळे आला, आधीपासून काय काय होतं, उपचार कोणते दिले, खर्च किती झाला याची नोंद ठेवायची, त्यासाठी नातेवाइकाची सही हवी म्हणाली. ह्यांचं म्हणणं, सही करायची नाही. काय करावं?

देशपांडे काका (ए-१०१): अजिबात करू नका. गिनीपिग समजतात आपल्याला. बँकेत ३४ वर्षं काढली मी, एवढे कागद पुढे केले की समजायचं काहीतरी लपवतायत.

शुभदा काकू (ए-२०३): पुढे आलेला संदेश 👇 पॅरालिसिस आला की रुग्णाला हलवू नका. शिवणाची सुई गरम करून दहाही बोटांच्या टोकांना टोचा, रक्ताचा थेंब येऊ द्या. तोंड वाकडं झालं असेल तर कान ओढून लाल करा आणि पाळीला टोचा. दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल.

डॉ. मेघना (सी-२०२): काकू, हात जोडते, हा मेसेज काढून टाका. बोटं टोचून मेंदूतली गुठळी निघत नाही, आणि त्यात जो अर्धा तास जातो तो परत मिळत नाही. तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तर १०८ लावा. पाणी पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. ॲस्पिरिनही घरी देऊ नका, कारण झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅनशिवाय मलाही सांगता येत नाही.

शुभदा काकू (ए-२०३): काढला गं. मला बहिणीकडून आला होता.

निखिल (सी-५०४): प्राजक्ताताई, मी हेच काम करतो, रिसर्च कोऑर्डिनेटर. तुमच्याकडे आलेली मुलगी करते तेच मी दुसऱ्या हॉस्पिटलात करतो. आधी एक सांगा, फॉर्ममध्ये कुठे नवीन औषध, इंजेक्शन, "दोन गटांत विभागणी" असं काही लिहिलंय का?

प्राजक्ता (बी-४०३): नाही. "उपचारात कोणताही बदल केला जाणार नाही" असं लिहिलंय. तीन महिन्यांनी फोन करणार म्हणे.

निखिल (सी-५०४): मग ती रजिस्ट्री आहे, नुसती नोंद. ज्या अभ्यासात औषध तपासतात त्याला ट्रायल म्हणतात, त्याचे नियम जास्त कडक. काका, तुमच्या शंकेचं उत्तर देतो. भारतात २००९ पासून ट्रायल सुरू करण्याआधी सीटीआरआय नावाच्या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते, ती कुणीही फुकट बघू शकतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. आणि रजिस्ट्री असो वा ट्रायल, पेशंटचं हित बघणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं, त्यावरून उपचार अडवता येत नाहीत. कागद जास्त असतात ते हे सगळं लिहून द्यावं लागतं म्हणून.

देशपांडे काका (ए-१०१): बरं. पण मग त्यात घरचं उत्पन्न कशाला विचारतात? काल आमच्या भाच्यालाही कुठल्यातरी सर्व्हेत विचारलं.

प्राजक्ता (बी-४०३): हो हो, हेच! घरात कमावते किती, उत्पन्न किती, कर्ज काढलं का, दागिने मोडले का. मला तर कानकोंडं झालं.

इम्तियाज (बी-१०२): मी सांगतो कशाला विचारतात. गेल्या वर्षी अब्बांना झटका आला. मोठी नस बंद झाली होती, जांघेतून तार घालून गुठळी काढली. एकूण बिल सहा लाखांच्या वर गेलं. त्या काढण्याच्या यंत्राचाच खर्च सगळ्यात मोठा. पण खरा खर्च घरी आल्यावर. फिजिओ रोज, डायपर, दिवसपाळीची बाई, एअर बेड, नळीतून द्यायची पावडर. आणि मी स्वतः दोन महिने दुकान बंद ठेवलं, ते कुठल्या बिलात आलं? विमा कंपनीने फिजिओचं घरचं बिल बाजूला काढून ठेवलं. हे कुणी मोजलंच नाही तर सरकारला कळणार कसं?

निखिल (सी-५०४): इम्तियाजभाईंनी माझं काम केलं. थेट खर्च बिलात दिसतो, बुडालेली कमाई दिसत नाही. म्हणून तो प्रश्न.

सेक्रेटरी साठे (ए-४०१): मध्येच बोलतो, क्षमस्व. उद्या टँकर ७ ला येईल, बी विंगच्या गाड्या रात्रीच हलवा. प्राजक्ता, काकूंना लवकर बरं वाटो. तुमच्या रेशनकार्डावर महात्मा फुले योजना तपासा, मर्यादा आता पाच लाखांची आहे. हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, तुमच्या केसला कुठलं पॅकेज बसतं ते त्यालाच विचारा. डिस्चार्जच्या आधी विचारा, नंतर काही होत नाही.

प्राजक्ता (बी-४०३): धन्यवाद काका, हे डोक्यातच नव्हतं.

रोहिणी (सी-३०१): पण मेघनाताई, असल्या नोंदींचा उपयोग होतो का खरंच? की पेपर छापून मोकळे?

डॉ. मेघना (सी-२०२): दोन उदाहरणं महाराष्ट्रातलीच देते. मुंबईत न्यूरॉलॉजिस्ट डॉ. पी. एम. दलालांनी २००५-०६ मध्ये दीड लाखाहून जास्त वस्तीत नोंद केली, तेव्हा कळलं की वर्षाला लाखात सुमारे १४५ जणांना पहिला झटका येतो आणि त्यातले तीस टक्क्यांच्या आसपास महिन्याभरात जातात. दुसरं गडचिरोलीचं. "सर्च" संस्थेच्या लोकांनी ८६ गावांतला दोन वर्षांतला प्रत्येक मृत्यू तपासला. तोपर्यंत खेड्यात माणसं मलेरियाने, जुलाबाने जातात हाच समज. निघालं काय, तर मृत्यूचं एक नंबरचं कारण स्ट्रोक, दर सातांत एक. आणि त्यातले ८७ टक्के घरीच गेले. "वारं गेलं अंगावरून" म्हणून खाटेवर झोपवून ठेवलेले. हॉस्पिटलच्या रजिस्टरात ही माणसं कधी आलीच नसती.

रोहिणी (सी-३०१): बापरे.

डॉ. मेघना (सी-२०२): आणि कारणांबद्दल म्हणाल तर इंटरस्ट्रोक नावाचा ३२ देशांचा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात भारतही होता. झटका आलेली तेरा हजारांवर माणसं आणि तितकीच न आलेली, समोरासमोर ठेवून तुलना. दहा गोष्टींत नव्वद टक्के धोका सापडला. सगळ्यात मोठा वाटा एकट्या बीपीचा, जवळपास निम्मा. बाकी सिगरेट-विडी, सुटलेलं पोट, शुगर, दारू, हालचाल नसणं, ताण, खाणं, कोलेस्टेरॉल, हृदयाचे आजार. देशपांडे काका, तुमची गोळी चालू आहे ना?

देशपांडे काका (ए-१०१): बरं वाटतं म्हणून बंद केली होती. विषय माझा नाहीये.

डॉ. मेघना (सी-२०२): उद्या क्लिनिकवर या. फी नको, तुमच्या हातचा चहा चालेल.

किरण (बी-२०५): ताई, एक विचारू? आमच्या गावी एकांना स्टेम सेल करा म्हणून सांगितलंय. स्वतःच्याच हाडातून पेशी काढून टोचतात म्हणे, दोन-अडीच लाख. प्राजक्तालाही कुणीतरी सुचवेलच आता.

प्राजक्ता (बी-४०३): सुचवलंय! नणंदेने लिंक पाठवली.

डॉ. मेघना (सी-२०२): लिंक बंद करा. हा प्रयोग भारतात रीतसर झालाय. पाच हॉस्पिटलं, १२० पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट, निम्म्यांना स्टेम सेल, निम्म्यांना नेहमीचे उपचार. २०१४ मध्ये निकाल आला. त्रास झाला नाही, पण फायदाही शून्य. ज्या १२० घरांनी तेव्हा सह्या केल्या, त्यांच्यामुळे आज मी तुम्हाला छातीठोक सांगू शकते की अडीच लाख घालवू नका. आणि ट्रायल असेल तर पैसे मागतच नाहीत. पैसे मागितले म्हणजे तो धंदा.

निखिल (सी-५०४): ही ओळ पिन करा, साठेकाका. पैसे मागितले म्हणजे तो धंदा.

इम्तियाज (बी-१०२): मग फिजिओचं काय? मला एकाने सांगितलं की घरच्यांनीच शिकून घ्या, रोजचे पैसे वाचतील. शिकलो, केलं. अब्बा आता काठीने चालतात.

निखिल (सी-५०४): भाई, मला हेच आवडतं या क्षेत्रातलं. सगळ्यांना वाटत होतं की हा उपाय चालणारच. स्वस्त, आपल्या कुटुंबपद्धतीला साजेसा. मग ॲटेंड नावाची ट्रायल झाली, १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, निकाल २०१७ ला. एका गटात घरच्यांना नीट शिकवून पाठवलं, दुसऱ्यात नेहमीसारखं. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी किती? दोन्हीकडे ४७ टक्के.

इम्तियाज (बी-१०२): म्हणजे मी केलं ते फुकट गेलं?

डॉ. मेघना (सी-२०२): नाही हो. अब्बांची नस वेळेत उघडली ही मोठी गोष्ट, आणि तुम्ही त्यांना कुशीवर वळवलं, उठवून बसवलं, अंगावर जखमा होऊ दिल्या नाहीत. ट्रायल इतकंच सांगते की कुटुंबाला चार धडे देऊन फिजिओथेरपिस्टची जागा भरली जात नाही. म्हणजे सरकारने "घरचे करतील" म्हणून हात झटकायचे नाहीत. माझ्या मते तो निकाल विमा कंपन्यांच्या टेबलावर फ्रेम करून ठेवायला हवा.

निखिल (सी-५०४): अजून एक, आपल्या ग्रुपसाठी खास. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून चालवलेली स्प्रिंट इंडिया नावाची ट्रायल. ३१ केंद्रं, ४२९८ पेशंट. दुसरा झटका टाळण्यासाठी निम्म्यांना त्यांच्या भाषेत एसएमएस, व्हिडिओ आणि पुस्तिका. वर्षभरात पुन्हा स्ट्रोक, हार्ट अटॅक किंवा मृत्यू, मेसेज गेलेल्यांत ५.५ टक्के, न गेलेल्यांत ४.९. फायदा दिसेना म्हणून ट्रायल आधीच थांबवली.

रोहिणी (सी-३०१): शुभदा काकू 😄

शुभदा काकू (ए-२०३): मी काय केलं आता! सकाळचे सुविचार पण बंद करू का?

प्राजक्ता (बी-४०३): मेघनाताई, मला आतून एक खातंय. आई रात्री दहाला धडधाकट झोपल्या, सकाळी सातला आम्ही पाहिलं तेव्हा हात हलत नव्हता. हॉस्पिटलला साडेसातला पोचलो, तरी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. का? उशीर कुठे केला आम्ही?

डॉ. मेघना (सी-२०२): तुम्ही उशीर केला नाही. घड्याळ तुम्ही पाहिलंत तेव्हापासून धरत नाहीत, शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं तेव्हापासून धरतात. रात्री दहाला झोपल्या, म्हणजे साडेनऊ तास झाले. इंजेक्शनची नेहमीची मर्यादा साडेचार तास. १९९५ च्या अमेरिकेतल्या ट्रायलने तीन तास सिद्ध केले, २००८ च्या युरोपातल्या ट्रायलने ते साडेचारपर्यंत नेले. झोपेत आलेल्या झटक्यात एमआरआय वगैरे बघून काहींना नंतरही देता येतं, आणि मोठी नस बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत तारेने गुठळी काढता येते, हे २०१८ ला कळलं. आईंचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही. उद्या राउंडला डॉक्टरांना सरळ विचारा, कुठली नस, सीटी अँजिओ म्हणजे नसांचा स्कॅन केला होता का. विचारण्यात काही गैर नाही.

किरण (बी-२०५): ते इंजेक्शन फार महाग असतं ना?

डॉ. मेघना (सी-२०२): त्यात दोन औषधं आहेत. आल्टेप्लेज महाग, आणि तासभर ड्रिपमधून द्यावं लागतं. टेनेक्टेप्लेज एका दमात देता येतं, आपल्या पुण्यातच तयार होतं, किमतीलाही कमी. २०२२ च्या कॅनडातल्या ट्रायलने दाखवलं की ते कुठेही कमी पडत नाही. लहान गावात, जिथे नर्स एकच असते, तिथे हा फरक फार मोठा.

प्राजक्ता (बी-४०३): ह्यांना सगळं वाचून दाखवलं. सही करायची म्हणतायत, पण उत्पन्नाचा रकाना रिकामा ठेवायचा म्हणे. चालेल?

निखिल (सी-५०४): चालेल. कुठल्याही प्रश्नाला "सांगायचं नाही" म्हणता येतं. कन्सेंटची, म्हणजे संमतीपत्राची, एक प्रत मागून घ्या, त्यावर डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा नंबर असतो. आईंना समजत असेल तर त्यांनाही विचारा, डाव्या हाताचा अंगठा चालतो, सोबत एक साक्षीदार लागेल. आणि तीन महिन्यांनी फोन येईल तो उचला. शून्य ते सहा असा आकडा ठरवायचा असतो त्यांना, शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे पेशंट गेला. नंबर अनोळखी असतो, लोक लोनवाला समजून कट करतात, आणि आमची अर्धी नोकरी परत परत फोन लावण्यात जाते.

प्राजक्ता (बी-४०३): तो नंबर आत्ताच सेव्ह करते. साक्षीदाराला इम्तियाजभाई, उद्या ११ ला येता का?

इम्तियाज (बी-१०२): येतो. टँकर गेल्यावर निघतो.